चांगुणाबाईंची दुसरी खोली

आमच्या सरपंच चांगुणाबाई ऑफिसात बसून कधीही सही करीत नसत. विहिरीचा कागद असला तर विहिरीच्या काठावर, रस्त्याखालच्या मोरीचा असला तर मोरीवर उभ्या राहून. एकाला रहिवासी दाखला हवा होता, तर त्या त्याच्या घरी गेल्या, चहा प्यायल्या, परसातला भोपळ्याचा वेल पाहिला आणि मग माझ्याकडे पेन मागितलं. "कागदाला जागा दावू," असं म्हणायच्या. कागद आणि काम एकमेकांना भेटले नाहीत तर दोन्ही बिघडतात, असं त्यांचं मत होतं.

मी त्या गावचा ग्रामसेवक. नव्वदनंतरची गोष्ट. मुरबाडहून टोकावड्याकडे जाताना एक फाटा डोंगराकडे वळतो, तिथलं हे गाव. माझं घर शहापुरात, नोकरी नवीन. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, तेव्हा गावातल्या जाणत्यांनी चांगुणाबाईंना बसवलं. पन्नाशी ओलांडलेली विधवा बाई, भात आणि नाचणीपलीकडे तिला काय ठाऊक, सांगू तिथे सही करील, असा त्यांचा हिशोब. सही त्या करायच्या, पण त्या सांगतील तिथे. मी सायकलच्या कॅरियरला दप्तर बांधून त्यांच्या मागे गावभर हिंडायचो. सहीची अक्षरं त्या सावकाश काढायच्या, आणि तोवर कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही.

गावात शाळा होती, म्हणजे कौलं उडालेली एक खोली होती. चार इयत्ता, एकच गुरुजी. दुसरीचं गणित चाललं की चौथीने भिंतीकडे बघत बसायचं. खूप अर्जांनंतर दोन नव्या खोल्या मंजूर झाल्या. काम ग्रामपंचायतीच्या नावावर, बांधणारा नंदू नावाचा तरुण ठेकेदार.

पाया खणायला घेतला आणि एका कोपऱ्यात घट्ट जमीन लागेचना. तिथे पूर्वी भाताचं खाचर होतं, कुणीतरी कधीतरी भराव टाकून ते बुजवलेलं. नंदू खाली खाली जात राहिला, दगड-सिमेंट गिळलं गेलं, आणि जोत्यापर्यंत येईतो खर्च मंजूर रकमेच्या पार पुढे गेला. वाढीव अंदाजपत्रक घेऊन मी चांगुणाबाईंकडे गेलो. पाया तोवर बुजवून झाला होता. गावात कुजबुज होतीच, की नंदूने पैसे खाल्ले.

चांगुणाबाईंनी कागद वाचून घेतला आणि म्हणाल्या, पाया दावा. मी सांगितलं, तो जमिनीखाली आहे. त्या म्हणाल्या, मग उकरा.

दुसऱ्या दिवशी चार गडी लागले. तालुक्याचे इंजिनियर साहेबही मोटरसायकलवरून आले, कारण असा प्रकार त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता. नंदू बाजूला उभा होता. दुपारपर्यंत खड्डा माणसाच्या डोक्याएवढा झाला तरी पायाचा तळ येईना. तो आला तेव्हा चांगुणाबाईंनी पदर खोचला आणि शिडी लावून खाली उतरल्या. वरून फक्त अंबाडा दिसत होता, मग तोही दिसेना. थोड्या वेळाने मला हाक आली. मी उतरलो. माझ्या पाठीवर वही आणि वहीवर तो कागद ठेवून त्यांनी सही केली, पाचही अक्षरं, घाई न करता.

वर येऊन त्या आधी नंदूसमोर गेल्या. "नंदू, मी तुला चोर समजले. बोलले नाय, पन समजले. ते चुकलं माजं." सगळं गाव ऐकत होतं. नंदूने मान हलवली आणि उगाच फावडं उचलून माती ओढायला लागला.

महिन्याभराने वरून उत्तर आलं. वाढीव पैसे नाहीत. आहे त्या रकमेत एक खोली पूर्ण करा, आणि दुसरी खोली तूर्त नको असा ग्रामपंचायतीने ठराव द्यावा. ठराव घ्यायला इंजिनियर साहेब स्वतः आले. माणूस सरळ होता, थकलेला होता. कागद पुढे करून म्हणाले, इथे सही करा.

"कागद कंच्या खोलीचा?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"दुसऱ्या."

"ती कुठाय?"

"तीच तर नाही ना, बाई."

"मंग आधी बांधा. तिच्यात बसून लिवून देईन, खोली नको म्हून."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

काम थांबलं. मला कारणे दाखवा नोटीस आली. चांगुणाबाईंना पदावरून काढतील अशी हवा उठली, आणि ज्यांनी त्यांना बसवलं होतं तेच येऊन सांगू लागले की एक खोली तर एक, पदरात पाडून घ्या. मीही तसंच म्हणालो. मला नोकरीची भीती वाटत होती. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तुमी लहान हाय, भाऊसाहेब. तुमी घाबरा. मी बघते."

दर सोमवारी त्या एसटीने मुरबाडला जाऊन तालुक्याच्या ऑफिसात बाकावर बसू लागल्या. भांडण नाही, अर्ज नाही. कुणी विचारलं तर चौथीची पोरं भिंतीकडे कशी बघतात ते सांगायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. शिपाई त्यांना आपल्या डब्यातलं द्यायला लागला. शेवटी इंजिनियर साहेबांनीच टिपण लिहिलं, की पाया उघडून त्याची खोली मी स्वतः पाहिली आहे, वाढीव खर्च खरा आहे. असं छातीठोकपणे जिच्यावर लिहिता यावं, अशी त्यांच्या टेबलावर तेवढी एकच फाइल होती. मार्चअखेरीला कुठूनसे पैसे निघाले. पुरे नव्हतेच. पहिल्या खोलीला स्लॅब झाला, दुसरीला पत्रा. पण दुसरी खोली झाली.

पुढे त्यांची मुदत संपली, माझी आटगावकडे बदली झाली. आठ-नऊ वर्षांनी टोकावड्याला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा परतताना फाट्यावर उतरलो. चांगुणाबाईंच्या घराला कडी होती. मुलगा वाशिंदला कारखान्यात लागला, बायको-पोरांना घेऊन तिकडेच राहतो, असं शेजारणीने सांगितलं. आणि म्हणाली, म्हातारी शाळेत असेल, जेवायला.

पत्र्याच्या खोलीत खिचडीची पंगत बसली होती. पोरांच्या ओळीत शेवटी चांगुणाबाई, मांडी घालून, समोर ताटली. नव्या गुरुजींनी मला हळूच सांगितलं, की रोज येतात. फुकट जेवत नाहीत. परसातल्या शेवग्याच्या शेंगा, वांगी, काहीतरी आणतातच. आधी गुरुजींना वाटलं होतं, माजी सरपंच खिचडी तपासायला येतात.

मला पाहून त्या ओशाळल्या. तसं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "एकटीच्या भाताला चव नाय लागत, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या मुलीला, "सरक गो जरा."

मी बसलो. गुरुजींनी ताटली वाढली. त्या मुलीने न विचारता आपल्या पुढ्यातली लोणच्याची फोड उचलून चांगुणाबाईंच्या भातावर ठेवली. त्यांनी ती बोटांनी मोडली आणि अर्धी मला दिली.