मुसाचं पदक

मुसा नदीवर अंघोळीला बसायचा तेव्हा अंगावर दोनच वस्तू असायच्या. कमरेला लंगोटी आणि छातीवर रुप्याचं पदक. लंगोटी एकदा वाहून गेली. पदक नाही.

जातीचा फरासीस फिरंगी. श्रीमंतांच्या तोफखान्यात गोलंदाज, आणि कसब्यात माझ्या दुकानाला लागून बिऱ्हाड. पदकावर एका बाजूला त्याचा राजा, दुसऱ्या बाजूला गलबत. मावळतीला, सात समुद्रांपलीकडं त्या राजाचं उसाचं बेट आहे म्हणे. तिथली लढाई जिंकल्याची आठवण म्हणून ते शिपायांना वाटलेलं. बाजारातला गूळ चाखून मुसा थुंकायचा. "हा काय गूळ, मेल्या! माझ्या बेटावर ये!"

वाणी म्हणायचा, "एवढं गोड बेट सोडून इकडं कशाला मरायला आलास?"

"अगं बाई! बोलतो बघा कसा!"

एवढ्या मिशांचा माणूस, पण बोलणं असं. मराठी त्याला यसूनं शिकवली होती ना. यसू त्याची बायको. लोक दुसरं काही म्हणत, मी बायकोच म्हणतो.

मी सोनार. एकदा म्हटलं, पदक काळं पडलंय, रिठ्यानं उजळून देतो. तर म्हणाला, "राजाला हात लावशील तर हात मोडीन, मेल्या." मग मीही वर्षभर तोंड फिरवलं. मी कुणाचं ऐकून घेत नाही.

पुढं यसू तापानं गेली. घरातलं माणूस गेलं की आमच्यात रुप्यावर त्याची मूर्ती उठवून टाक घडवतात नि देवघरात बसवतात. माणूस घरातच राहतं. पण यसूचा भाऊ म्हणाला, "फिरंग्याकडं नांदली, ती आमची पितर नव्हे."

काही दिवसांनी मुसा दुकानात आला. गळ्यातलं पदक काढून ऐरणीवर ठेवलं. रापलेल्या छातीवर तेवढाच गोल पांढरा दिसत होता.

"सोनारदादा, राजा घासून टाका. तिथं यसू काढा."

"गलबतही घासतो. टाक हलका होईल."

"अगं बाई, नको! तिला बेट दाखवीन म्हटलं होतं. दर वर्षी विचारायची, कधी निघायचं."

राजाचं नाक फार चिवट निघालं. टाक झाला, पण मुसाकडं देवघर कुठलं? माझ्या देवघरात बसवला. भाऊबंद कुरकुरले. कुरकुरू देत.

रोज सकाळी मुसा उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. मी यसूला गंध लावायचो. तो एकच विचारायचा, "गलबताचं तोंड कुठं केलंय, दादा?"

"मावळतीकडं."

"मग ठीक. पोचेल बाई."