चंद्रावरचा कॉर्नर प्लॉट

ओल्या फडक्याने पुसल्यावरही पटावरच्या एका चौकोनाच्या डाव्या कडेला फिकट निळी रेघ राहिली होती. केसाएवढी. उजेड तिरका पडला तरच दिसणारी. प्रांजलने पट खिडकीकडे वळवला, मान कलती करून पाहिलं आणि म्हणाली, "राहतीय."

"कुठं?" दिग्विजयने विचारलं.

"ही काय."

"मला न्हाई दिसत."

"तुला दिसत नाही म्हणून ती जात नाही."

प्रांजल तासगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. दर रविवारी तिच्या वडिलांच्या, भाऊसोंच्या, बेदाणा शेडमध्ये ती, दिग्विजय आणि आणखी तिघं जमून एक खेळ खेळत. खेळ म्हणजे सगळ्यांनी मिळून रचायची अंतराळातली गोष्ट. प्रांजल गोष्ट सांगायची, बाकीचे आपापलं पात्र चालवायचे, आणि काय साधलं, काय फसलं ते फासे ठरवायचे. लढाई आली की चौकोन आखलेला नकाशा मांडायचा आणि त्यावर मोहरे म्हणून बेदाणे. हिरवे आपले, काळे यंत्रमानव. मेलेला यंत्रमानव मारणाऱ्याने खायचा असा नियम होता. त्यामुळे लढाईतून कुणी माघार घेत नसे.

आजवर नकाशे जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर काढून झाले होते. कॅलेंडरं संपली, तेव्हा पुन्हा पुन्हा वापरता येईल असा एकच नकाशा घ्यायचं ठरलं. आज त्यावर यान, पुढच्या रविवारी लघुग्रहावरची खाण. पुसायचा रेक्झिनचा पट, पुठ्ठ्याच्या जोडायच्या फरशा, की छापील फ्लेक्स, एवढाच प्रश्न होता. प्रांजलने नमुने मागवले. पेनाची शाई तासभर ठेवून पुसली, आठवडाभर ठेवून पुसली, उन्हात ठेवून पुसली. पुठ्ठ्याच्या फरशा शेडमधल्या वाऱ्याने उडाल्या, त्याचीही तिने नोंद केली. दर रविवारी दिग्विजय विचारायचा, "ठरलं का?" आणि ती म्हणायची, "अजून एकदा तपासते." तोवर लढाया बंद होत्या आणि काळे बेदाणे साठत चालले होते.

घरात असं न ठरलेलं आणखी एक प्रकरण होतं. ही शेड सांगली रस्त्याला लागून असलेल्या रानाच्या कडेला होती. रान भाऊसो आणि त्यांचा धाकटा भाऊ या दोघांचं. भाऊ सांगलीत राहायचा आणि दर दिवाळीला फराळ संपल्यावर विचारायचा, "दादा, रस्त्याकडंचं रान इकू या का? प्लॉट पाडू, झटक्यात जातील." भाऊसो पान लावत म्हणायचे, "बघू."

"बाप म्हनतो बघू, लेक म्हनती तपासते," प्रांजलची आई, सुलाबाई, म्हणायच्या. "ह्या घरात ग्यासची शेगडी मी कुनाला न इचारता आणली म्हनून, न्हाईतर आजून फुकणीच फुकत बसलो असतो."

प्रांजल हसायची, पण तिला मनातून एक भीती होती. वडील आता थकत चालले होते. कुठल्या तरी दिवाळीला 'बघू'च्या जागी 'बरं' येईल, रान जाईल, शेड जाईल, आणि शेडबरोबर रविवार जाईल. रान विकू नका, असं तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सांगण्याआधी सगळ्या बाजू तपासायला हव्यात, असं तिला वाटायचं.

शेवटी दिग्विजय वैतागला. त्याने शनीच्या एका चंद्रावरच्या तळाचा नकाशा संगणकावर केला. मधोमध गोल अणुभट्टी, तिच्या चारी बाजूंनी रुंद बोळ, बोळांच्या कडेने चौकोनी खोल्या. तो घेऊन तो पप्पूच्या फ्लेक्सच्या दुकानात गेला.

"भाऊसोंच्या प्रांजलचं काम हाय," तो म्हणाला. "झ्याक छाप."

पप्पूने चित्र पाहिलं. "चौकोनात नावं कुनाची टाकायची?"

"नावं नको आत्ताच. ती मागनं आमी पेनानं घालू, बदलू."

पप्पूला सगळं समजलं. भाऊसोंचं रस्त्याकडचं रान गावाला माहीत होतं. भाऊसोंची लेक, एकसारखे चौकोन, मधून रस्ते, मधोमध गोल बाग, आणि नावं मागनं घालायची. त्याच्या दुकानातून फोटो आणि फोन नंबर नसलेलं फ्लेक्स आजवर बाहेर पडलं नव्हतं. पोरं विसरली असतील, म्हणून त्याने सोसायटीच्या निवडणुकीतला भाऊसोंचा फेट्यातला फोटो आपणहून कोपऱ्यात बसवला, खाली 'संपर्क' लिहून नंबर टाकला आणि चौकोनांना क्रमांक दिले. फ्लेक्स बांधून देणंही त्याच्या दरातच असायचं. शनिवारी संध्याकाळी त्याने ते रानाच्या कुंपणाला बांधलं.

रविवारी सकाळी भाऊसोंचा फोन वाजला तो थांबेचना.

"कोपऱ्यातला ऱ्हायलाय का?" एकाने विचारलं.

"काय कोपऱ्यातला?"

"बास का अण्णा! आमी काय परकं हाय व्हय?"

भाऊसो आणि प्रांजल रानात पोचले, तोवर कुंपणाशी वीसेक माणसं जमली होती. पप्पू हातात काठी घेऊन प्लॉट दाखवत होता. दिग्विजय एका बाजूला, चप्पल काढून शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा होता.

"प्रांजल, मी फक्त छापाय सांगितलं हुतं," तो पुटपुटला.

प्रांजल पुढे झाली. "हे प्लॉट नाहीत. हा आमच्या खेळाचा नकाशा आहे."

कुणी हललं नाही. मिलिटरीतून निवृत्त झालेल्या एका मिशाळ गृहस्थांनी चौदा नंबरवर बोट ठेवलं. "ताई, ह्याच्या शेजारी ही गोल बाग हाय न्हवं?"

"बाग नाही ती. अणुभट्टी आहे."

"भट्टी?" त्यांनी बोट झटकन उचललं. "मग नको. धूर येतो. पप्पू, आठ नंबर दाखव."

"आठ नंबर गेटाजवळ हाय साहेब, एक नंबर!" पप्पू म्हणाला.

"ते गेट नाही," प्रांजल शांतपणे म्हणाली. "तिथनं पलीकडे हवा नाही."

"आन पानी?"

"पाणीपण नाही."

"पान्याचं काय न्हाई वो, टँकर येतो. पर हवा न्हाई म्हंजे काय?"

"चंद्रावर आहे हे. शनीच्या."

मागून एका बाईंचा आवाज आला, "म्हंजे गावापास्नं लांब पडतंय व्हय? बसथांबा हाय का जवळ?"

तेवढ्यात सांगलीच्या काकांची गाडी येऊन थांबली. फ्लेक्सचा फोटो त्यांच्या मोबाइलवर सकाळीच पोचला होता. ते तरातरा आले.

"दादा, मला न इचारता प्लॉट पाडलं?" ते ओरडले. मग त्यांनी जमलेली माणसं पाहिली आणि आवाज निम्म्यावर आणला. "न्हाई, चांगलंच केलं म्हना. पर कळवायचं तरी."

"मी न्हाई पाडलं रं," भाऊसो म्हणाले. "पप्पूनं पाडलं."

"कुनी का पाडंना! गिऱ्हाईक दारात हाय. आता 'बघू' नका म्हनू. हो म्हना, न्हाईतर न्हाई म्हना. पर काय तरी म्हना."

पप्पूने काठी खाली घेतली. मिशाळ गृहस्थांनी आठ नंबरवरचा हात मात्र हलवला नाही.

भाऊसोंनी फ्लेक्सवरचा आपला फेट्यातला फोटो बराच वेळ न्याहाळला. मग ते लेकीकडे वळले. "प्रांजल, हे तुज्या खेळातलं ना?"

"हो अण्णा."

"तूबी लय दिवस तपासतीस. कुठला नकाशा घ्यायचा ते तू आधी सांग. मग मी बोलतो."

"आत्ता?"

"आत्ता. सगळ्यांम्होरं."

प्रांजलने दिग्विजयकडे पाहिलं. त्याने हात जोडले. तिला शाईच्या आणखी दोन चाचण्या आठवल्या, करायच्या राहिलेल्या. पण काका वडिलांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, आणि वडील तिच्या.

"हा फ्लेक्सचा नको," ती म्हणाली. "छापून टाकलं की ते तेच राहतं. हा तळ एकदा खेळून झाला की ह्याचा उपयोग संपला. मला कोरा पट पाहिजे. नुसत्या चौकोनांचा. यंदा एक आखायचं, पुढच्या वेळी दुसरं."

"रेघ राहतीय म्हनत हुतीस न्हवं?" दिग्विजय न राहवून म्हणाला.

"राहू दे."

भाऊसोंनी मान हलवली. त्यांनी खिशातून पानाची चंची काढली, उघडली, आणि पान न लावताच मिटून परत खिशात ठेवली. मग भावाच्या खांद्यावर हात ठेवून, मिशाळ गृहस्थांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"रान न्हाई इकायचं."