वेवजीची सही

राऊत सरांना "कुठं होतात?" असं चुकूनही विचारू नये. "पृथ्वीवर नव्हतो," हे एकच उत्तर ठरलेलं. बोर्डीला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत, आणि आता आमचं विज्ञानकथा मंडळ चालवतात. सभासद मोजून सात. दर महिन्याला हस्तलिखित अंक निघतो, घरोघर फिरतो. वाचून झाला की मागच्या पानावर सही करायची. यादीत पहिलं नाव, मनोहर, मुक्काम वेवजी. हा गृहस्थ आम्ही कुणी पाहिलेला नव्हता. त्याच्याकडं अंक सर स्वतः बसनं नेत आणि संध्याकाळी परत आणत. सहीची जागा कोरीच. "त्याला सहीचा कंटाळा," सर म्हणत.

दोन पुरुषांचं प्रेम हा गुन्हा नाही, असा कोर्टाचा निकाल लागला त्या दिवशी सरांनी आळीभर चिकू वाटले.

"कोण पास झालं?" आमचे अध्यक्ष वामनराव म्हणाले.

"देश. काठावर!"

मग सरांनी दिवाळी अंकासाठी कथा लिहिली. एका ग्रहावर पुरुषानं पुरुषाशीच संसार करायचा, बाईनं बाईशी. तिथला एक पोरगा चोरून मुलीच्या प्रेमात पडतो आणि आई ऊर बडवते, "मेल्या, मुलगी? अरे, जावई येणार म्हणून मी पाट रंगवून ठेवला!" मी तर हसून हसून आडवा झालो.

वामनराव मात्र भडकले. "असलं काही अंकात नको. घ्यायचंच तर सातही सह्या आणा, त्या मनोहररावांचीसुद्धा!"

एरवी तासभर वाद घालणारे सर कथेचे कागद पिशवीत घालून उठले. मला राहवेना. म्हटलं, "बसा स्कूटरवर."

वेवजीच्या स्टँडवर उतरले ते थेट बाकड्यावर जाऊन बसले. चहावाल्यानं न विचारता कप आणला. "शुं मास्तर, आज एकटे नाय?"

"मी इथूनच परत जातो रे, दर वेळी," सर मला हळूच म्हणाले. "मनोहरचं लग्न ठरलं तेव्हा म्हणाला होता, आता येऊ नकोस. बायको जाऊनही दोन वर्षं झाली त्याची. पण पाय उचलत नाही."

मी चहावाल्याला मनोहररावांचं घर विचारलं. सरांना दंडाला धरूनच नेलं.

मनोहरराव ओट्यावर सुपात लसूण सोलत बसले होते. सरांनी कथेचे कागद पुढं केले. मनोहररावांनी चष्मा लावला, वाचायला घेतलं, आणि त्या पाटापाशी असे हसले की लसणाचं सूप उपडं झालं. डोळे पुसत त्यांनी मागच्या पानावर सही केली.

"पस्तीस वर्षं," ते म्हणाले. "कुठं होतास रे?"

आता पृथ्वीचं ते उत्तर येणार, म्हणून मी तयारच होतो.

"इथंच," सर म्हणाले. "स्टँडवर."