परब सॉफ्टवेअर बघतो

१२ जून, गुरुवार. त्या दिवसाचं काम: चौथ्या कंपनीचं सॉफ्टवेअर बघणं आणि परबला आवरणं.

परब आमच्या मरोळच्या पितळी नळांच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. सॉफ्टवेअर दाखवायला कोणीही आलं की हा आधी त्याला घरून करून आणलेले कांदेपोहे खायला घालतो. चमचा देत नाही. "कारखान्याला सून आणायचीय," म्हणतो. "बघण्याचा कार्यक्रम रीतसर नको?"

बिलं, स्टॉक, पगार याबद्दल तो विचारतच नाही. "ते सगळ्यांनाच येतं." याचे प्रश्न वेगळे. "रात्रपाळीला अडलं तर फोन कोण उचलतो? नंबर दे, लावून बघू." भर डेमोत इंटरनेटची वायर उपटतो आणि हाताची घडी घालून उभा राहतो. "आता दाखव, राजा." दोन कंपन्या इथेच गारद झाल्या. तिसरीच्या माणसाने पोह्यांचा तेलकट अंगठा हजेरीच्या यंत्रावर टेकवला, यंत्राने ओळखलंच नाही. "सून घरच्यालाच विसरली," म्हणत परबने त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

निवड समिती म्हणजे मी आणि परब. शेठ रोज मलाच विचारायचे. माझं डोकं फिरलं होतं.

चौथा माणूस हुशार निघाला. हात साबणाने धुऊन बसला. अंगठा टेकवला, हिरवा दिवा. वायर उपटली तरी काम चालू. शेठ खूश. "उद्या सही करतो. अंगठा नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर पगार नाही. भानगडच संपली."

सगळे गेल्यावर मी परबला झापलं. "आता काय खोड काढणार आहेस रे?"

नमुन्याचं यंत्र टेबलावरच होतं. त्याने नवी नोंद करायला माझा अंगठा टेकवायला लावला. हिरवा. मग स्वतःचा टेकवला. लाल. पँटला पुसून पुन्हा टेकवला. लाल.

"बी.कॉम. होईपर्यंत खाली बफिंगलाच होतो ना मी," तो म्हणाला. "नळ घासता घासता अंगठ्याच्या रेषा गेल्या. खात्यात सगळ्यांचं तेच. त्यांचा पगार कापला जाणार."

"मग हे आधी बोलायचं ना. पोह्यांचं नाटक कशाला?"

"लाज वाटते गं. बँकेतलं काम अडलंय वर्षभर. अंगठा येत नाही. म्हणतात, हा परबच आहे असं सांगायला घरचं कोणीतरी आणा." तो यंत्राची वायर गुंडाळत राहिला. "आई गेल्यापासून घरात मीच. कोणाला नेऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठना थेट बफिंग खात्यात नेलं, यंत्र प्लगला लावलं आणि एकेकाला पुढे केलं. लाल. लाल. लाल.

"यंत्र ओळखत नाही त्याला मी काय करू?" शेठ म्हणाले.

"तुम्ही ओळखता ना? हजेरी मी हाताने मांडेन. तेवढा भाग वगळून सही करा, नाहीतर नवीन समिती शोधा."

शेठनी पुटपुटत सही केली. मी अर्धी रजा टाकली, परबला रिक्षात घातलं आणि बँक गाठली.

"तुम्ही यांच्या कोण?" काउंटरवरच्या बाईने विचारलं.

"घरची," मी म्हटलं. "लिहा लवकर, कामं पडलीत."