पाठकोऱ्या पाट्या

"खर्च शून्य आणि कचराही शून्य!" धाकट्या साहेबांनी परिपत्रक आवकबाईंच्या टेबलावर ठेवलं. "मुख्य कचेरीचा हुकूम आहे. सभा पर्यावरणपूरक हवी. पाण्याच्या बाटल्या नकोत, फुलं नकोत, नवा कागद तर नकोच नको."

"चहा तरी चालेल का?"

"चालेल. कपबशीतून."

सव्वीस वर्षं पत्रांची आवक-जावक नोंदवून बाईंना हे नाव पडलं होतं. या सभेची मात्र त्यांना धास्ती होती. मुख्य कचेरीचे मोठे साहेब माणसं पारखायला येणार आणि जी जास्तीची वाटतील त्यांना उचलून आपल्याकडे नेणार, अशी कुणकुण होती. मुख्य कचेरी म्हणजे दिवसभराचा प्रवास. बाईंच्या घरी म्हातारे वडील. त्यांची दृष्टी गेलेली, पण घर त्यांच्या पायांना पाठ होतं. खाटेपासून मोरी नऊ पावलं, दार चौदा. नव्या घरात त्या वयात ती मोजणी पुन्हा कशी जमायची?

सभा चोख झाली तर साहेब खूश होतील आणि कुणालाच हलवणार नाहीत, अशा आशेवर बाईंनी पदर खोचला. जुने पडदे धुऊन टेबलावर अंथरले. विषयपत्रिका पाठकोऱ्या कागदांवर छापून घेतली. दिवे लावायला नकोत म्हणून टेबल खिडकीपाशी ओढून घेतलं. उरल्या नावांच्या पाट्या. माळ्यावर बुटांच्या खोक्यात वीस वर्षांपूर्वीच्या एका सभेच्या पाट्या निघाल्या. जाड पुठ्ठ्याच्या, मधोमध दुमडलेल्या. एका बाजूला नाव, दुसरी कोरी. होत्या चाळीसेक, पण बहुतेक दमट होऊन लोळागोळा झालेल्या. ताठ अशा सातच निघाल्या. बाईंनी त्या पुसल्या, नावं वाचली आणि त्यांचा हात थबकला.

भांडारातले अण्णा. हिशेबातल्या अक्का. टंकलेखनाच्या माई, ज्यांनी बाईंना हे काम बोट धरून शिकवलं होतं. सातही जण केव्हाच वारलेले. जी माणसं निवृत्त होऊन घरी सुखात होती, त्यांच्याच पाट्या तेवढ्या नेमक्या मान टाकून बसल्या होत्या.

"कोऱ्या बाजूला आपली नावं लिहायची. जुनी बाजू कोण बघतंय?" बाई स्वतःशीच पुटपुटल्या.

सभेच्या दिवशी दुपारी आभाळ असं भरून आलं की खोलीत तळघरासारखा अंधार झाला. दिव्याच्या बटणाला कुणी हात लावीना. मोठे साहेब टेबलाच्या पलीकडे एकटेच बसले, अलीकडे बाई धरून कचेरीची सात माणसं; धाकटे साहेब दाराशी उभे. साहेबांची नजर समोरच्या पाटीवरून फिरली आणि त्यांनी पहिल्या खुर्चीला हाक मारली.

ते नाव अण्णांचं होतं.

पाट्या शिपाईमामांनी मांडल्या होत्या. बाई चहा ठेवणाऱ्या मामांच्या कानाशी लागल्या. "मामा, पाट्या उलट्या मांडल्यात!"

"उलट्या कशा? ज्याला त्याला आपली जागा दिसायला नको का?"

खरंच, प्रत्येकाचं नाव त्याच्याकडेच तोंड करून होतं. साहेबांच्या बाजूला मात्र सात मेलेली माणसं ओळीनं बसली होती.

चूक सांगावी, तर मेलेल्यांच्या पाट्या पाहुण्यांपुढे मांडल्याची शोभा. धाकट्या साहेबांनी डोळे वटारून सगळ्यांना गप्प केलं. भांडारी उभा राहिला. एरवी चुरूचुरू बोलणारा माणूस, पण त्याचा आवाज खोल आडातून आल्यासारखा निघाला.

"जी साहेब."

"बरीच वर्षं इथंच आहात ना?"

"वर्षं मोजणं सोडलंय, साहेब."

"बदली झाली तर अडचण?"

"अडचण कसली? उलट एवढ्या काळात आज पहिल्यांदाच कुणी विचारलं. इथं आता आमच्याशी कुणी बोलतसुद्धा नाही."

खाली बसल्यावर भांडारी शेजाऱ्याला घाबरून विचारू लागला, "अरे, मी काय बोललो आत्ता?"

मग अक्कांचं नाव आलं. हिशेबनीस उठली आणि म्हणाली, "मला काय, सामानसुमान काहीच नाही. सांगाल तेव्हा निघेन." एकेक जण उठे, भलतंच बोले आणि घाम पुसत बसे. शेवटी साहेबांनी माईंच्या नावानं हाक मारली.

'माझे वडील आंधळे आहेत, मला नेऊ नका,' एवढंच बाईंना सांगायचं होतं. तोंडून निघालं ते वेगळंच.

"मी कुठंही येईन, साहेब. मागं वाट बघणारं कुणी उरलं नाही."

साहेबांनी सातही नावं वहीत टिपली. "अशी निष्ठा हल्ली दिसत नाही," ते भारावून म्हणाले. त्या संध्याकाळी बाईंनी वडिलांना जेवायला वाढलं, आणि खाटेपासून दारापर्यंतची चौदा पावलं स्वतः मोजून पाहिली.

आठवड्यानं बदलीचा हुकूम आला. धाकट्या साहेबांनी तो दोनदा वाचला आणि बाईंपुढे सरकवला. सातही नावं पाट्यांवरूनच उतरवलेली होती, जिवंत माणूस त्यात एकही नव्हता.

"बाई, आता यांना पाठवायचं कसं?"

बाईंचा जीव भांड्यात पडला होता. त्यांनी शांतपणे उत्तर लिहिलं : 'सदर सातही कर्मचारी या कचेरीतून यापूर्वीच कार्यमुक्त झाले आहेत.'

"यात खोटं एक अक्षर नाही," त्या म्हणाल्या.

प्रकरण तिथंच मिटलं असं सगळ्यांनी धरलं. पण महिन्याभरानं मुख्य कचेरीचं पत्र आलं. बाईंनी त्याची आवक नोंदवली, पाकीट फोडलं आणि धाकट्या साहेबांना वाचून दाखवलं.

'सातही कर्मचारी नेमल्या दिवशी ठीक दहा वाजता रुजू झाले. काम चोख आहे. दिवा, पंखा, पाणी काहीही मागत नाहीत. त्यांच्यामुळे खर्चात व कचऱ्यात लक्षणीय घट झाली आहे. असे आणखी कर्मचारी असल्यास तातडीने पाठवावेत.'

धाकट्या साहेबांनी पत्र हातात घेऊन सही-शिक्का तपासला.

"बाई," धाकटे साहेब हळूच म्हणाले, "याला काय उत्तर द्यायचं?"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"लिहिते, सध्या कुणी नाही. जसजसे होतील, तसतसे पाठवू."