कच्चं पाणी पिशील का गो?

हैबतरावांनी लिहिलेलं गाणं निडी गावच्या लोकांनी माना खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. गाणं पाणी उकळून पिण्याबद्दल होतं. चौदा कडवी होती, त्यात ‘जलशुद्धी’ सहा वेळा आणि ‘आरोग्यसंपदा’ चार वेळा आली होती. गाणं संपल्यावर एका म्हातारीने हैबतरावांना नमस्कार केला आणि हळूच विचारलं, “कोण गेलं हो?”

हैबतराव रोह्याच्या सरकारी कचेरीत कारकून. त्या वर्षी पावसाळा सरता सरता गावोगाव हगवण लागली, तेव्हा पेणहून साहेबांचा हुकूम आला: पाण्याबद्दल गाणं करा, लोकांच्या तोंडी बसवा, महिन्याने ऐकायला येतो. हैबतराव कॉलेजात असताना कविता करत, ही गोष्ट त्यांनी स्वतःच कधीतरी कचेरीत सांगून ठेवली होती. नोकरी अजून कायम व्हायची होती.

निडीहून ते थेट पूल ओलांडून अष्टमी गावात सॉलोमन मास्तरांकडे गेले. मास्तरांनी तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं होतं. त्यांचे सगळे नातेवाईक इस्रायलला गेले. मास्तर मात्र पेटी नेता येणार नाही म्हणून राहिले, असं ते सांगत.

मास्तरांनी चौदा कडवी वाचली आणि चष्मा काढला.

“हैबतराव, यात लोकांनी काय करायचं?”

“ऐकायचं.”

“तेच चुकतंय. ऐकायला कीर्तन आहे की. गाण्यात लोकांना काहीतरी काम द्या. तुम्ही विचारा, त्यांनी ओरडावं. शब्द असे पाहिजेत, की तोंडात घास असला तरी म्हणता आले पाहिजेत.”

मास्तरांनी पेटी ओढली, आणि तासाभरात गाणं झालं. हैबतरावांनी विचारायचं, “कच्चं पाणी पिशील का गो?” बायांनी म्हणायचं, “नाय, नाय, नाय!” मग, “उकळून, गाळून घेशील का गो?” आणि बायांनी टाळी देत चढ्या सुरात, “व्हय, व्हय, व्हय!”

निडीत हे गाणं वणव्यासारखं पेटलं. बायजा नावाची एक खणखणीत आवाजाची बाई पुढे झाली आणि पहिल्याच दिवशी ते नदीपर्यंत गेलं. आठवड्यात ते कोलाडच्या हॉटेलांत भजी तळणारे म्हणू लागले. हैबतराव एसटीत बसले की कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणे, “उकळून, गाळून?” आणि आख्खी गाडी उत्तर देई. हैबतराव खिडकीबाहेर बघत बसत, पण कान लाल होत.

फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. ‘नाय’ खालच्या सुरात होतं, टाळी नव्हती. ‘व्हय’ उंच होतं आणि टाळीचं होतं. लोकांना ‘व्हय’ इतकं आवडलं, की तेवढ्यासाठी दुसऱ्या ओळीपर्यंत थांबायला कुणी तयार होईना.

महिन्याने साहेब जीपने निडीला आले. देवळासमोर दोनशे माणसं जमली होती. हैबतरावांनी गळा साफ केला आणि उचललं, “कच्चं पाणी पिशील का गो?”

“व्हय! व्हय! व्हय!”

टाळीने देवळावरची कबुतरं उडाली. हैबतरावांना वाटलं, पहिल्यांदा गडबड झाली असेल. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, जास्त जोरात. त्यांनी दोन्ही हात हलवून ‘नाही, नाही’ अशी खूण केली. लोकांना वाटलं, ते ताल धरायला सांगतायत. मग हैबतराव गप्प बसले, तर त्यांची ओळ बायजाने उचलली.

साहेबांनी खिशातून डायरी काढली, उघडली, आणि काहीही न लिहिता मिटली.

“हेच शिकवलंत?”

आपली कायम होणारी नोकरी जीपमध्ये बसून पेणला चाललेली हैबतरावांना स्पष्ट दिसत होती.

एवढ्यात बायजाने साहेबांपुढे पाण्याचा तांब्या धरला. साहेब दोन पावलं मागे सरले.

“कच्चं असेल ना?”

“नाय ओ साहेब! उकळून, फडक्यानं गाळलेलं हाय. कच्चं कोण पितंय आता?”

“अहो, आत्ता तर ‘व्हय व्हय’ म्हणत होतात!”

“ते गान्यात,” बायजा म्हणाली. “खरं काय ते आमी रोजच बोलतो. गान्यात तेच कशाला बोलायचं? खोटं वरडायला मजा येते. आन् चुलीवर भांडं ठेवलं, की ते खोटं आठवून हसू येतं, मग उकळी आल्याबिगर उतरवत नाय.”

साहेबांचा विश्वास बसेना. ते स्वतः अकरा घरांत शिरले. अकराही घरांत पाणी उकळून, गाळून ठेवलेलं होतं. आठव्या घरात भात शिजायचा राहिला होता, पण पाणी उकळलेलं होतं.

परतीच्या वाटेवर साहेबांनी हैबतरावांना जीपमध्ये घेतलं. रोहा आल्यावर म्हणाले, “गाण्याचे शब्द अहवालात घालू नका. परिणाम तेवढा लिहा. आणि तुमची नोकरी कायम करायची शिफारस करतो मी.”

हैबतरावांनी हात जोडले.

“पुढचं गाणंही तुम्हीच करायचं. कुटुंबनियोजनाचं. दोन मुलं पुरेत, तिसरं नको, असं काहीतरी. लोकांना विचारायचं, लोकांनी उत्तर द्यायचं.”

हैबतराव ‘हो’ म्हणाले. घरी आले, चहा न घेताच कागद पुढे ओढला आणि बदलीचा अर्ज लिहिला. त्यांनी जन्म-मृत्यू नोंदणीचं टेबल मागितलं. येत्या वर्षात तिथे काम फार वाढणार, एकटा माणूस पुरणार नाही, असं कारणही त्यांनी खाली स्वच्छ अक्षरात लिहून टाकलं.