सगळे सिद्धार्थची चेष्टा करतात

रविवारी सकाळी अलकनंदाबाईंचा आवाज पार बसला, आणि लग्नाच्या चोवीस वर्षांत पहिल्यांदाच जयंतरावांनी बायकोचं म्हणणं शेवटपर्यंत लक्ष देऊन समजून घेतलं. (ते कागदावर लिहिलेलं होतं, दुसरा इलाजच नव्हता.) कागदावर होतं, 'आजचा क्लास रद्द करते.'

झाशीत सिविल लाइंसमधल्या त्यांच्या बैठकीत दर रविवारी अकरा ते बारा चार-पाच मराठी मुलं जमत. पिढ्यान्पिढ्या इथेच राहिलेल्या घरांतली. मराठी समजायची, पण जिभेवर हिंदीच यायची. अलकनंदाबाई सध्या त्यांच्याकडून एक कादंबरी वाचून घेत होत्या. गोष्ट एका मुलीची, आणि तिच्या ऑटिस्टिक भावाची. ती त्यांनी मुद्दाम निवडली होती, कारण वर्गातल्या दहा वर्षांच्या उर्वीचा मोठा भाऊ सिद्धार्थही तसाच होता. मुलं हसतात म्हणून दोन क्लासमधून त्याला परत नेलं होतं. आज उर्वी त्याला इथे पहिल्यांदा आणणार होती. इथेही बिनसलं, तर आई त्याला पुन्हा कुठे पाठवणार नव्हती.

"रद्द कशाला? मी घेतो," जयंतराव म्हणाले. "साताऱ्याचा माणूस आहे मी. मराठीला काय घाबरायचं?"

(सरकारी कंपनीत इंजिनियर असलेल्या माणसाला सगळंच जमतं, अशी त्यांची समजूत होती.)

बाईंनी पुस्तक हातात दिलं आणि लिहिलं, 'कमी बोला. मुलांना बोलू द्या. आवाज चढवू नका, सिद्धार्थला सोसत नाही.'

सिद्धार्थ आला तो थेट कोपऱ्यात गेला, सगळ्यांकडे पाठ करून बसला आणि उर्वीचं पुस्तक मागून उलटं चाळू लागला. "बसू द्या, काका. तो ऐकतो," उर्वी म्हणाली. जयंतरावांना हायसं वाटलं.

संकेतने वाचायला सुरुवात केली. "शाळेत सगळे दादाची चेष्टा करायचे."

"वाईट वाटलं ना?" जयंतरावांनी विचारलं.

"नाही," संकेत म्हणाला. "अच्छा लगा. कोणी तर करत होते."

"म्हणजे? अशा मुलाची चेष्टा करावी?"

"करायलाच पाहिजे," ईशा म्हणाली. "रोज. एक बार से क्या होता है?"

जयंतरावांनी आशेने उर्वीकडे पाहिलं. सख्खी बहीण ती. "बाळ, तू सांग बरं यांना."

"मी सगळ्यात जास्त करते, काका," उर्वी अभिमानाने म्हणाली. "मम्मीपण करते. पापा ऑफिसमधून थकून येतात, तरी चहा पिऊन थोडी करतातच."

जयंतरावांच्या डोळ्यांपुढे ते घर उभं राहिलं. बाप चहाची कपबशी खाली ठेवतो आणि पोटच्या पोराला वेडावायला बसतो. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वयंपाकघराच्या दारात अलकनंदाबाई दोन्ही हात जोरजोरात हलवत होत्या. बायकोचा पाठिंबा आहे, असं त्यांना वाटलं.

"लाज नाही वाटत? तुम्हा सगळ्यांना शिक्षा मिळाली पाहिजे."

"हां जी," संकेत गोंधळून म्हणाला. "शिक्षा के लिए ही तो आए हैं."

"वर उलट उत्तर देतोस?" जयंतराव गरजले.

सिद्धार्थने दोन्ही कान घट्ट दाबले आणि तो पुढेमागे डुलू लागला. उर्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. "चल दादा, घर चलते हैं," ती म्हणाली. आपल्या हातून काहीतरी फार वाईट झालंय, एवढं जयंतरावांना कळलं.

सिद्धार्थ उठला नाही. कान तसेच दाबून, भिंतीकडे बघत म्हणाला, "पान एकशे बारा."

"काय?"

"पान एकशे बारा. काकूंनी सगळ्या पुस्तकांत यादी चिकटवली आहे. चेष्टा. हिंदीत कोशिश, मराठीत मजाक उडवणं. शिक्षा. हिंदीत पढाई, मराठीत सजा. तुम्ही यादी वाचली नाही."

ईशाने तोंडावर हात ठेवला. उर्वी घाबरून म्हणाली, "दादा, मी मजाक नाही उडवत."

"मला माहीत आहे," सिद्धार्थ म्हणाला.

जयंतराव जमिनीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "चुकलं माझं."

"हो," सिद्धार्थ म्हणाला, आणि त्याने कानांवरचे हात काढले.

मग क्लास आपोआपच चालला. संकेत यादीतला शब्द विचारायचा, सिद्धार्थ भिंतीकडे बघत दोन्ही अर्थ सांगायचा, आणि मुलं एकमेकांच्या चुकांवर हसायची. बारा वाजता जयंतरावांनी जवळजवळ कुजबुजत विचारलं, "पुढच्या रविवारी येशील ना?"

सिद्धार्थने विचार केला. "येईन. तुम्ही येऊ नका."

"अरे, माझं घर आहे हे."

"अकरा ते बारा," सिद्धार्थने सवलत दिली.

दारात अलकनंदाबाईंनी मान डोलावली. ठराव पास झाला.

त्याला तीन महिने झाले. सिद्धार्थने एकही रविवार चुकवलेला नाही. जयंतरावही अकराच्या ठोक्याला नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर हजर असतात. परवा टपरीवाल्या सुभाषचंद्राने विचारलंच, "साहब, हर इतवार इसी टाइम? घर में कुछ है क्या?"

"मराठी की क्लास है."

"तो आप भी बैठ जाते."

"बैठे थे, भैया," जयंतराव चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "कमजोर निकले."